चोवीस चाळीसचं विमान

मी डेपोत बसगाड्यांची वेळापत्रकं लावतो. बावीस वर्षं हेच करतोय. कुठली गाडी कधी निघाली की कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचेल, चालकाला जेवायला अर्धा तास कुठे मिळेल, एखादी गाडी बंद पडली तर तिच्या फेऱ्या कुणाच्या गळ्यात मारायच्या, हे सगळं आधी माझ्या टेबलावर घडतं आणि मग रस्त्यावर. चालक माझ्या पाठीमागे मला ‘मिनिटराव’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं. स्वभावाने मी घाबरट आहे. पण घाबरट माणसंच चांगली वेळापत्रकं करतात. काही बिघडू शकतं हे ज्याच्या डोक्यातच येत नाही, त्याचं वेळापत्रक पहिल्या सिग्नललाच आडवं होतं.

त्यामुळे आखातातल्या शहरांची सहल करायची असं घरात ठरलं, तेव्हा ती आखणार कोण हा प्रश्नच नव्हता. बायको म्हणाली, ‘‘आता महिनाभर हा माणूस आपल्याला दिसायचा नाही.’’ लेक म्हणाली, ‘‘दिसतील गं, पण दर दहा मिनिटांनी.’’ ती अकरा वर्षांची आहे आणि तिची जीभ आईवर गेली आहे.

सहल निघाली ती बाबांसाठी. माझे वडील फरशी बसवणारे मिस्त्री. सतरा वर्षं ते तिकडे होते. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, महिनाभर राहायचे आणि त्या महिन्यातही शेजारपाजारच्या घरांतल्या फरश्या बोटाच्या पेराने ठोकून कुठली पोकळ वाजते ते सांगत फिरायचे. तिकडच्या एका शहरात समुद्राकाठी एक लांबलचक पायवाट आहे आणि तिच्या मध्यावर एक चौक. त्या चौकात दगडाची सोळा टोकांची चांदणी बाबांनी बसवली. चाळीस दिवस लागले. पहाटे चारला काम सुरू, अकराला बंद, कारण त्यानंतर दगडाला हात लावायची सोय नसायची. शेवटचा दगड बसला त्या संध्याकाळी कंपनीने त्यांना दुसऱ्या शहरात हलवलं. चांदणी धुऊन, भोवतालचे पत्रे काढून लोकांसाठी उघडली तेव्हा बाबा तिथून दोनशे कोसांवर कुणाच्या तरी न्हाणीघरात टाइल लावत होते. आपल्या चांदणीवरून माणसं चालताना त्यांनी कधी पाहिलीच नाहीत.

आता ते विसरायला लागले आहेत. सकाळी ठाकठीक असतात. पेपर वाचतात, नातीची गणितं तपासतात, माझ्या भांगातले पांढरे केस मोजतात. दुपार कलली की घसरतात. संध्याकाळी कधी मला धाकट्या काकांच्या नावाने हाक मारतात, कधी गेलेल्या आईला विचारतात की चहा झाला का. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘कुठे न्यायचं असेल तर याच चार-सहा महिन्यांत न्या. पुढच्या वर्षी नेलंत तर ते जातील, पण कुठे आलो ते त्यांना कळेल असं मी सांगू शकत नाही.’’

बाबांना हे मी सांगितलं नाही. पण त्यांना बहुतेक माहीत होतं, कारण त्याच आठवड्यात ते आपणहून म्हणाले, ‘‘मला एकदा तुम्हाला ती चांदणी दाखवायचीय. मी दाखवीन. तुम्ही मला दाखवायची वेळ येऊ नये.’’

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

मी सहा दिवसांचा तक्ता केला. दोन शहरं, मधे वाळवंटातून गाडीने प्रवास. बायकोला उंच मनोऱ्यावर जायचं होतं, लेकीला उंटावर बसायचं होतं. ते सगळं मी दुपारनंतर टाकलं. सकाळ सगळी बाबांची. चांदणीसाठी मी एक नाही, तीन सकाळी ठेवल्या. एखाद्या दिवशी त्यांना बरं नसलं तर दुसरा दिवस, आणि वाऱ्याने वाळू उडाली तर तिसरा. खोलीतून लिफ्टपर्यंत चार मिनिटं. बाबांचं स्वच्छतागृह बारा मिनिटं. बुटांच्या नाड्या तीन मिनिटं, कारण नाडी ते स्वतःच बांधणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाहीत. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या आतल्या बाजूला बायकोने माझा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली. मी तिला दोन नंबर शिवायला लावले, कारण माझा फोन बंद पडला तर? ती म्हणाली, ‘‘आणि माझाही बंद पडला तर?’’ मी तिसरा लिहून दिला, हॉटेलचा. तिने कपाळावर हात मारला आणि शिवला.

रोज डोक्यात नवं काहीतरी यायचं. पासपोर्टवर बाबांच्या नावातलं एक अक्षर वेगळं आहे, ते चालेल का? तिकडच्या मोठमोठ्या दुकानांत ते हरवले तर? उन्हाने चक्कर आली तर? आणि सगळ्यात मोठं, आम्ही त्या चौकात पोचलो आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की इथे कशाला आणलंस, तर? हे आलं की मी जेवता जेवता थांबायचो. बायको म्हणायची, ‘‘अहो, घास गिळा आधी.’’

विमानाची तिकिटं आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या तिकीटवाल्याने काढली. बाबांसाठी चाकांची खुर्ची हवी होती, म्हणून सगळं त्याच्यामार्फतच केलं. कंपनीचे निरोपही त्याच्याच फोनवर येणार होते. तिकीट हातात देताना तो म्हणाला, ‘‘चौदा तारीख, बारा चाळीस रात्री. साहेब, जरा ते वेळेचं...’’ आणि मग स्वतःच हसला. ‘‘तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही तर वेळापत्रकवाले.’’

मीही हसलो.

आता इथे डेपोची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे दिवस रात्री बाराला संपत नाही. शेवटची बस डेपोत शिरते तेव्हा संपतो. शनिवारी कामावर निघालेला चालक घड्याळाप्रमाणे रविवारी पाऊण वाजता परत आला, तरी तो शनिवारचाच. त्याची हजेरी शनिवारची, त्याची गाडी शनिवारची. म्हणून आम्ही पाऊण लिहीत नाही, चोवीस पंचेचाळीस लिहितो. पंचवीस दहा, पंचवीस चाळीस, असंही लिहितो. नव्या माणसाला हसू येतं, पण दोन महिन्यांत त्यालाही तसंच दिसायला लागतं. मला तर बावीस वर्षं झाली.

त्या रात्री मी तिकिटावरून तक्ता पक्का केला. तिकिटावर होतं चौदा तारीख, शून्य शून्य चाळीस. मी लिहिलं चौदा तारीख, चोवीस चाळीस. हात जरासुद्धा अडखळला नाही. त्यावरून मागे मोजत आलो. विमानतळावर तीन तास आधी, रस्त्याचे तीन तास, वर चाळीस मिनिटं काळजीची. चौदा तारखेला संध्याकाळी सहाला घर सोडायचं. हॉटेल पंधरापासून. तक्ता फ्रीजवर चिकटवला. बायको म्हणाली, ‘‘चोवीस चाळीस कुठल्या घड्याळात असतात?’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या.’’

बाबांनी तिकिटाची एक झेरॉक्स मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. सकाळी चष्मा लावून ती वाचायचे आणि घडी करून परत ठेवायचे.

नऊ तारखेला संध्याकाळी ते बूट घालून दारात उभे राहिले. ‘‘निघायचं ना?’’ मी म्हणालो, ‘‘बाबा, अजून पाच दिवस आहेत.’’ ते हसले, बूट काढले. अकरा तारखेला परत तेच. ‘‘निघायचं ना?’’ ‘‘नाही बाबा.’’ तेव्हा लेकीने त्यांना आत नेलं आणि पत्ते खेळायला बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या त्यापेक्षा हे भराभर चाललं होतं. मनात म्हटलं, एवढे तीन दिवस नीट जाऊ देत.

तेरा तारखेला मी कामं दुसऱ्याच्या हाती देऊन पावणेसहाला घरी आलो. दाराजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बूट घातलेले, खिशात पासपोर्ट. मांडीवर झेरॉक्स.

‘‘गाडी बोलावलीस का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बाबा, उद्या.’’

‘‘उद्या नाही रे. विमान बारा चाळीसचं. म्हणजे आज संध्याकाळीच घर सोडायचं.’’

‘‘चौदा तारीख आहे ती.’’

‘‘हो, बारा वाजले की चौदाच लागते.’’ ते अगदी शांतपणे बोलत होते. ‘‘आमच्या खोलीत एक सुतार होता, तो असाच राहिला. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन गेला, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं. रडत परत आला बिचारा. तेव्हापासून आम्ही सगळे आदल्या संध्याकाळी जेवून निघायचो.’’

मला फक्त एवढंच ऐकू आलं की बाबा पुन्हा तिकडच्या खोलीत, तिकडच्या माणसांत जाऊन बसलेत. संध्याकाळ होती. त्यांची वाईट वेळ होती. दिवसभर मी डेपोत सुट्टीवरच्या दोन माणसांची कामं लावून आलो होतो, बॅगा अर्धवट होत्या, आणि हे तिसऱ्यांदा होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘‘अहो, एकदा बघून तरी घ्या. नाहीतर त्या तिकीटवाल्याला फोन करा.’’

‘‘काय बघू?’’ मी चढ्या आवाजात म्हणालो. ‘‘बावीस वर्षं मी दुसरं काय करतो? घरात वेळ कळणारा माणूस एकच आहे ना?’’

मी फ्रीजवरचा तक्ता काढला आणि बाबांच्या समोर धरला. ‘‘वाचा. मोठ्याने वाचा. काय लिहिलंय?’’

त्यांनी चष्मा सारखा केला. ‘‘चौदा.’’

‘‘आणि आज किती?’’

ते कॅलेंडरकडे बघत राहिले. मग लेकीकडे. लेक हळूच म्हणाली, ‘‘तेरा, आजोबा.’’

‘‘तेरा,’’ ते म्हणाले.

‘‘मग? आज निघायचं की उद्या?’’

त्यांनी एकदा हातातल्या झेरॉक्सकडे बघितलं, एकदा माझ्या तक्त्याकडे. माझा तक्ता मोठ्या अक्षरांत होता, रंगीत होता, रेघा मारलेला होता. ‘‘उद्या,’’ ते म्हणाले. मग खाली वाकून नाड्या सोडायला लागले. ‘‘माझंच चुकतं हल्ली. डोकंच चालत नाही रे.’’

‘‘असू द्या बाबा,’’ मी म्हणालो. मला बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. आवाज चढला तरी मी शेवटी त्यांना समजावलं, असं वाटलं. मी त्यांचे बूट उचलून कपाटात ठेवले. तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं होती. तीन तासांचा रस्ता, बारा चाळीसचं विमान. बॅगा कोंबून तशाच उचलल्या असत्या तरी आम्ही सहज पोचलो असतो.

चौदा तारखेला सकाळी नऊला मी कुलपांच्या किल्ल्या मोजत होतो तेव्हा तिकीटवाल्याचा फोन आला.

‘‘साहेब, सगळं ठीक ना? बाबा बरे आहेत ना?’’

‘‘बरे आहेत. का?’’

‘‘नाही, आत्ता दुकान उघडलं तर कंपनीचा निरोप दिसला. चौघंही आला नाहीत म्हणून. मला वाटलं दवाखाना वगैरे...’’

‘‘कुठे आलो नाही? विमान आज रात्री आहे.’’

फोनवर मागे कुणीतरी शटर वर ढकलत होतं, तो आवाज येत राहिला. मग तो अगदी हळू म्हणाला, ‘‘साहेब, ते काल रात्री गेलं.’’

आधी मी त्याच्यावरच भडकलो. म्हटलं, तूच चुकीची तारीख घातली असशील. फोन कानाला तसाच धरून तिकीट काढलं. चौदा तारीख, शून्य शून्य चाळीस. मी ते तीनदा वाचलं. चौदा तारीख सुरू होऊन चाळीस मिनिटं. तिकिटावर चोवीस नव्हतेच, ते मी घातले होते. मी तिथेच बॅगेवर बसलो. माझ्या वजनाने ती चेपली.

बायको आली. तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती तोंड सोडेल. तिने सोडलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ‘‘बाबा म्हणत होते.’’

तेवढ्यानेच मला रडू फुटलं. नऊ आणि अकरा तारखेला त्यांनी नुसतं विचारलं होतं, निघायचं ना. तेरा तारखेला त्यांनी विचारलं नव्हतं. कारण सांगितलं होतं, दाखला दिला होता, एका माणसाच्या डोळ्यांतलं पाणी सांगितलं होतं. बसची एक फेरी चुकली तर मी चालकाचं म्हणणं लेखी घेतो. माझ्या वडिलांचं म्हणणं मी कानामागे टाकलं.

बाबा गच्चीला लागून असलेल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांची चांगली वेळ होती. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो.

‘‘बाबा, काल तुम्ही बरोबर होता.’’

‘‘कशाचं म्हणतोस?’’

‘‘विमानाचं. ते कालच गेलं. तुम्ही मला सांगितलं होतं, आज संध्याकाळीच निघायचं म्हणून. मी ऐकलं नाही.’’

त्यांनी पेपर खाली ठेवला. ‘‘मी सांगितलं होतं?’’

‘‘हो. बूट घालून बसला होता. तुमच्या खोलीतल्या सुताराची गोष्टही सांगितलीत.’’

‘‘हा, तो सुतार.’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘रडत परत आला होता.’’ पण कालची संध्याकाळ त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. त्यांनी ती शोधली, मला ते शोधताना दिसलं. मग साध्या सुरात, जरासुद्धा राग न ठेवता त्यांनी विचारलं, ‘‘मग ऐकलं का नाहीस?’’

मी काय सारवासारव करणार होतो? डेपोची रीत सांगू? म्हणालो, ‘‘तुम्ही विसरता म्हणून.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘विसरतो खरा.’’ आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मलाच धीर द्यायला लागले. ‘‘असू दे रे. विमानं काय, रोज उडतात.’’

मी माफी मागायला गेलो होतो आणि ती घेणारा माणूस काल संध्याकाळीच निघून गेला होता. त्या घटकेला माझ्यावर एवढी दया करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला ती दया सोसत नव्हती.

तिकीटवाल्याने दोन दिवस खटपट करून पुढची जागा काढली. तेवीस तारीख, रात्री दोन दहा. डेपोच्या साहेबांनी रजा पुढे सरकवून दिली आणि कारण वाचून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, कारण हसणं त्यांना बरं दिसलं नसतं. चालकांना मात्र कळलंच. कुणी काही बोललं नाही. मिनिटराव असंही कुणी म्हणालं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

घरात दुसरंच काही सुरू झालं होतं. ते आधी बायकोच्या लक्षात आलं. बाबा आता काही सांगण्याआधी विचारायला लागले होते. आज सोमवार ना? ही गोळी माझीच ना? मी जेवलो का गं? हे सकाळच्या चांगल्या वेळेतसुद्धा. नातीचं गणित तपासून झालं की वही माझ्याकडे द्यायचे, ‘‘तू एकदा बघ. मला काय कळतंय.’’ गणितं सगळी बरोबर तपासलेली असायची. तेरा तारखेची संध्याकाळ ते विसरले होते. पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर वाकले होते ते तसेच राहिले होते.

सतरा तारखेला सकाळी, मुद्दाम दहाच्या सुमारास, मी नवं तिकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. तक्ता केलाच नव्हता. ठरवलं होतं, आधी त्यांना विचारायचं, मग त्यांच्या तोंडून येईल ते लिहायचं. मी तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

‘‘बाबा, तेवीस तारीख, दोन दहाचं विमान आहे. घरातून कधी निघायचं, तुम्ही सांगा. मला कळत नाही.’’

त्यांनी चष्मा लावला. तिकीट वाचलं. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होते. मग त्यांनी बोट तेवीसवर ठेवलं. थोडा वेळ तिथेच ठेवलं. आणि ते बोट मागे सरकलं, बावीसवर आलं, आणि थांबलं. नेमकं. लेकीने माझा हात घट्ट दाबला.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. परीक्षेत उत्तर लिहून झालेलं मूल मास्तरांकडे बघतं तसं. आणि बोट उचलून घेतलं.

‘‘तू म्हणशील तेव्हा,’’ ते म्हणाले.

‘‘बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्हाला येतंय.’’

‘‘नको. माझं चुकतं.’’

ते वाट बघत होते. शेवटी मीच म्हणालो, ‘‘बावीसला. संध्याकाळी जेवून निघू.’’

त्यांनी कॅलेंडरची सुरळी करून माझ्या हातात दिली. ‘‘तेच बरोबर असेल,’’ ते म्हणाले.